कामामुळे जडलेला आजार भरपाईच्या 'यादीत' येतो तरी कसा?

सांधेजोड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिलाच धागा काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ बावीस वर्षं फाउंड्रीत फेटलिंगला आहे. म्हणजे ओतून आलेल्या भागांच्या कडा हँड ग्राइंडरने घासून काढायच्या. पाच-सहा वर्षांपासून गारठा पडला की त्याची बोटं पांढरी पडतात. पांढरी म्हणजे खडूसारखी. उजव्या हाताची मधली तीन बोटं, दुसऱ्या पेरापर्यंत, कुणी रेघ मारून वरचा भाग चुन्यात बुडवावा तशी. मग ती निळी होतात, मग लालबुंद, आणि मग असा ठणका लागतो की दादा हात काखेत दाबून बसतो. शर्टाचं वरचं बटण वहिनी लावून देते.

डॉक्टरांनी निदान लिहून दिलं, कंपनामुळे झालंय असंही लिहिलं. भरपाईचा अर्ज केला. उत्तर दीड ओळीचं: 'सदर विकार अनुसूचीत समाविष्ट नसल्याने दावा विचारात घेता येत नाही.'

देश आणि कंपनी मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. प्रश्न साधा आहे: ही अनुसूची करतं कोण? एखादा आजार तिच्यात कधी आणि कशाच्या जोरावर येतो? आणि नसेल तर तो आजार नाहीच का?

अर्धवट_शहाणा

चांगला विषय. पॉपकॉर्न घेऊन कोपऱ्यात बसलोय, जाणकार येतीलच.

वकिली_बाणा

सांधेजोड, आधी ते पत्र जपून ठेवा आणि अपिलाची मुदत बघा. मुदत टळली की नंतर कितीही खरं असलं तरी कुणी ऐकत नाही.

आता यादीबद्दल. कामगार भरपाईचे कायदे मुळात अपघातासाठी झाले. हात यंत्रात गेला, किती वाजता गेला, कोण साक्षीदार, सगळं स्पष्ट. आजाराला वेळ नसते, साक्षीदार नसतो. मग कायद्याने एक युक्ती केली: ठरावीक कामात ठरावीक आजार झाला तर तो 'अपघातच' मानायचा. भारतातला १९२३ चा कायदा हेच म्हणायचा (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). तिसऱ्या अनुसूचीतला आजार त्या कामातल्या माणसाला झाला तर ती कामावरची अपघाती इजा समजली जायची, उलट सिद्ध होईपर्यंत. या शेवटच्या तीन शब्दांतच सगळा जीव आहे. यादीत असाल तर 'कामामुळे नाही झालं' हे मालकाने सिद्ध करायचं. यादीत नसाल तर 'कामामुळेच झालं' हे तुम्ही. तेही ठणकणारी बोटं घेऊन.

त्या अनुसूचीचे तीन भाग होते. 'अ' मधल्या आजारांना, उदाहरणार्थ शिशाची विषबाधा, कामाच्या मुदतीची अट नव्हती. 'ब' साठी सलग सहा महिने काम लागायचं. 'क' मध्ये सिलिकोसिससारखे (दगडाच्या धुळीचे) सावकाश येणारे फुप्फुसाचे आजार, त्यांची मुदत सरकार ठरवायचं. यादीत भर घालायची तर राजपत्रात किमान तीन महिन्यांची सूचना देऊन सरकार ती घालू शकायचं. संसदेत जावं लागत नव्हतं.

म्हणजे दार आहे. कडी कोण वाजवतं आणि किती वर्षं, हा खरा प्रश्न.

तिरकस

थोडक्यात, आजारालाही आधी ओळखपत्र काढावं लागतं.

डॉ_धुळाक्षर

तिरकसने थट्टेत लिहिलंय, पण पहिल्या याद्या खरंच ओळख पटण्यावरच झाल्या.

ब्रिटनमध्ये १८९७ चा भरपाई कायदा फक्त अपघातांचा होता. १९०६ साली त्यात सहा आजार आले: शिसं, पारा, फॉस्फरस, आर्सेनिक यांची विषबाधा, अँथ्रॅक्स आणि अंकुशकृमीचा आजार. हेच सहा का? यातल्या बऱ्याच आजारांची सही लांबून ओळखू येते. शिशाने हिरड्यांवर निळसर रेघ उमटते. काडेपेटीच्या कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसने जबड्याचं हाड सडायचं. अँथ्रॅक्सची काळी खपली लोकर आणि कातडी हाताळणाऱ्यांच्या अंगावर दिसायची. समोरच्या माणसाला आणखी कशाने हे झालं असेल असा वाद घालायला जागा नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२५ साली पहिली यादी केली तेव्हा तिच्यात तीनच आजार होते: शिसं, पारा, अँथ्रॅक्स.

घोडं अडतं ते सही नसलेल्या आजारांपाशी. दमा, कंबरदुखी, फुप्फुसाचा कर्करोग, बहिरेपण. हे कामाने होतात आणि कामाशिवायही होतात. रुग्णाला तपासून 'हे कामामुळे' असं मला छातीठोक सांगता येत नाही. कुठलंच यंत्र ते सांगत नाही.

आणि तुमच्या दादाच्या बोटांची गोष्ट तर ऐकाच. इटलीत लोरिगा नावाच्या डॉक्टरांनी १९११ साली हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं वापरणाऱ्यांमध्ये हे लिहून ठेवलं. १९१८ साली अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला चुनखडीच्या खाणींवर गेल्या, दगड कोरणाऱ्यांची बोटं बघितली, आणि हत्याराचं कंपन आणि थंडी यांचा संबंध मांडला. ब्रिटनमध्ये हा आजार भरपाईच्या यादीत आला १९८५ साली. मधल्या काळात तिथल्या सल्लागार परिषदेपुढे तो एकदा नाही, अनेकदा आला आणि परत गेला. तज्ज्ञांना तो आजार खोटा वाटत नव्हता. त्रास किरकोळ आहे, आणि बोटं पांढरी पडतात हे तपासणीच्या दिवशी दिसेलच असं नाही, अशी अडचण होती.

सांधेजोड

किरकोळ! वहिनीला वाचून दाखवतो.

डॉक्टर, तपासणीच्या दिवशी तेच झालं हो. दुपारी दोनला बोलावलं, कडक ऊन. साहेबांनी हात उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, "हात तर चांगला गुलाबी आहे."

घाटवाट

पहाटे फोटो काढून ठेवा. तारीख-वेळ दिसेल असे. दोन्ही हात एका चौकटीत.

आणि @अर्धवट_शहाणा, तुमच्या पॉपकॉर्नवरून आठवलं. अमेरिकेत मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातले आठ माजी कामगार २००० साली फुप्फुसाच्या एका अतिशय दुर्मीळ आजाराने ग्रासलेले आढळले. लोण्याचा वास यावा म्हणून जे डायअ‍ॅसिटिल घालतात त्याची वाफ छातीत जाऊन बारीक श्वासनलिका कायमच्या चोंदल्या होत्या. 'पॉपकॉर्न लंग' असंच नाव पडलं. खाणाऱ्यांना नाही, मिसळणाऱ्यांना.

अर्धवट_शहाणा

पॉपकॉर्न खाली ठेवले आहेत.

गणिती_काकू

डॉक्टर जिथे थांबले तिथून पुढे माझं क्षेत्र सुरू होतं. सही नसलेला आजार असेल तर मोजावं लागतं.

समजा एखाद्या कामातल्या हजार जणांत वीस जणांना एक आजार झाला, आणि तसंच वय, तशाच सवयी असलेल्या पण ते काम न करणाऱ्या हजारांत दहा जणांना झाला. म्हणजे त्या विसांतल्या दहांना तो एरवीही झाला असता, उरलेल्या दहांना कामाने दिला. कुणाला कुठला, ते कळायला मार्ग नाही. पण शक्यता निम्मी-निम्मी झाली. धोका दुपटीपेक्षा जास्त असेल तर पारडं 'कामामुळे' या बाजूला झुकतं, मग त्या कामातल्या प्रत्येकालाच संशयाचा फायदा द्यायचा. ब्रिटनची औद्योगिक इजा सल्लागार परिषद (१९४६ च्या कायद्याने आली) साधारण याच दुपटीच्या कसोटीवर आजार घासून बघते. शिवाय अट अशी की हा धोका त्या कामाचा असावा, सगळ्या जगाला असतो तसला नसावा.

कोळसा खाणीतल्या दीर्घ ब्राँकायटिसचं उदाहरण बघा. खाणकामगार विड्या-सिगारेटी ओढायचे, मग दम कोळशाने लागला की धुराने? वर्षानुवर्षं तेच भांडण. शेवटी मोजणीतून रेघ आखली: जमिनीखाली वीस वर्षं काम, आणि एका सेकंदात जोरात सोडलेल्या श्वासाची क्षमता अपेक्षेपेक्षा एक लिटरने कमी. एवढं असेल तर १९९० च्या दशकापासून भरपाई, मग तो सिगारेट ओढत असो वा नसो.

तिरकस

म्हणजे ९०० मिलिलिटर कमी असेल तर माणूस ठणठणीत?

गणिती_काकू

नाही. पण रेघ कुठेतरी आखावीच लागते, आणि रेघेच्या अलीकडे उभा असलेला माणूस कायम चिडलेला असतो. त्याचं चिडणं बरोबरच आहे. धोका १.९ पट असेल तर त्या कामातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना आजार कामानेच दिलेला असतो आणि पैसे एकालाही मिळत नाहीत.

कसोटीत आणखी एक खोट आहे. एखाद्याला सत्तरीत होणारा आजार कामामुळे पन्नाशीत आला, तर अशा मोजणीत तो 'एरवीही झालाच असता' या खात्यात जाऊ शकतो. मधली वीस वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची?

जुनाखोड

काकू, तुमचं गणित पटलं, पण नुसत्या गणिताने यादी हललेली मी तरी बघितली नाही. चाळीस वर्षं युनियनचं काम केलंय.

अमेरिकेतलं 'ब्लॅक लंग' घ्या, म्हणजे कोळशाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. डॉक्टरांना काळ्या फुप्फुसाची माहिती दशकानुदशकं होती. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ जण गेले. त्यानंतर फेब्रुवारी १९६९ मध्ये चाळीसेक हजार खाणकामगार, युनियनच्या पुढाऱ्यांनाही न जुमानता, संपावर गेले. मागणी एकच, या आजाराला भरपाई. त्याच वर्षअखेरीस केंद्रीय कायदा झाला. आकडे आधीही होते. संप नव्हता.

आमचंही सांगतो. एका कापड गिरणीत लूम खात्यात होतो. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावायचं, नाहीतर ओठ वाचायचे. आमच्यातले निम्मे घरीही ओरडूनच बोलायचे, बायकांना वाटायचं हे कायम रागावलेले. बहिरेपणाचे दावे लावले तेव्हा आवाज मोजायला माणूस आला. कधी? पाळी बदलताना, निम्मे लूम बंद असताना. आकडा छान खाली आला. मग आम्ही एक शंभरपानी वही घातली. रोज कुठल्या वेळी किती लूम चालू, कोण कुठे उभा, आणि कुणाला घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते. शास्त्रीय नव्हतं ते. पण पुढच्या वेळी मोजणारा आला तेव्हा वही पुढे केली आणि म्हटलं, सगळे चालू असताना मोजा. मोजलं. एवढ्या एका वहीने आमची बाजू उभी राहिली.

गणिती_काकू

खोडकाका, ती वहीच गणित आहे. तुम्ही मोजलंत म्हणून ते हरले.

जुनाखोड

बरं, अर्धं मान्य. पण वही लिहायला एकत्र असलेली माणसं लागतात.

छोटा_कारखानदार

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. माझ्याकडे नऊ माणसं. एक जण चौदा वर्षं दुसरीकडे धूळ खाऊन माझ्याकडे आला, सात महिन्यांत खोकायला लागला. यादीतला आजार म्हणजे गृहीतच धरायचं की मी दिला? यादी वाढवत नेली की छोटा माणूस बुडतो, हेही कुणीतरी बोला.

वकिली_बाणा

शिव्या कशाला, रास्त प्रश्न आहे. 'क' भागातल्या आजारांना १९२३ च्या कायद्यात म्हणूनच एकाहून जास्त मालकांकडचं काम धरायचे, आणि भरपाई आयुक्ताला योग्य वाटेल त्या प्रमाणात भार वाटता यायचा. पण त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे विमा. जर्मनीने १८८४ सालीच अपघात विमा आणला: एका धंद्यातल्या मालकांनी मिळून वर्गणी भरायची, भरपाई त्या निधीतून. एकटा मालक आणि एकटा कामगार समोरासमोर येतच नाहीत. तिथे १९२५ साली अकरा आजार त्या विम्यात आले, आणि यादी अजून वाढते आहे. उन्हात काम करणाऱ्यांच्या त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार २०१५ साली आला.

एकटा मालक जबाबदार असला की तो आजारच नाकारतो. त्याचाही नाइलाज असतो.

मोरपंखी

इतके प्रतिसाद झाले आणि खाण, गिरणी, फाउंड्री. याद्यांमध्येही अशीच गर्दी आहे, कारण मोजली गेली ती बहुतेक पुरुषांची, एका ठिकाणी एकत्र असलेली, हजेरीपट असलेली कामं.

माझी आई परिचारिका होती. अर्धांगवायूचे रुग्ण कुशीवर वळवायचे, पलंगावरून खुर्चीत घ्यायचे. मदतीला कुणी नसे. ती एक हात रुग्णाच्या काखेखालून आणि गुडघा पलंगाच्या लोखंडी कडेला टेकवून उचलायची, त्या कडेचा वळ तिच्या नडगीवर कायमचा उमटलाय. पन्नाशीला मणक्याचं ऑपरेशन झालं. कागदावर कारण: 'वयोमानानुसार झीज'. तिच्या सोबतच्या सातजणींना तीच झीज, त्याच वयात. कुणी वही घातली नव्हती.

आणि घरोघर साफसफाई करणाऱ्या बायकांना ब्लीचने दमा लागतो, त्यांचा मालक कोण? रोज चार वेगळे. ब्रिटनच्या त्या योजनेत तर स्वतःचा धंदा करणाऱ्यांना जागाच नाही.

निशाचर

मोरपंखीताई, रात्रपाळीचं एक आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने (आयएआरसी) २००७ साली शरीराचं घड्याळ बिघडवणारी पाळी 'बहुधा कर्करोगकारक' ठरवली. त्यानंतर डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेल्या काही स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगासाठी भरपाई मिळाली. इतर देशांनी तोच पुरावा वाचला आणि म्हणाले, अजून पुरेसा नाही.

मी स्वतः अकरा वर्षं रात्रपाळीला. हा प्रतिसाद पहाटे ३:४० चा आहे, बघून घ्या.

गणिती_काकू

निशाचर, हेच. 'हे कर्करोगकारक आहे का' आणि 'या माणसाचा कर्करोग त्यानेच झाला असं मानायचं का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला होय मिळालं तरी दुसरा उरतोच, आणि तिथे पुरावा किती हवा हे शास्त्र ठरवत नाही. चूक झालीच तर कुणाच्या बाजूने व्हावी, ते समाज ठरवतो.

मैदानी

हल्ली फुटबॉलचं चाललंय ना? डोक्याने चेंडू मारून स्मृतिभ्रंश होतो म्हणून. तो 'कामाचा आजार' का?

गणिती_काकू

व्यावसायिक खेळाडूचं ते कामच. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ साली स्कॉटलंडच्या माजी खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी होणारे मृत्यू इतरांच्या साडेतीन पट. पुढच्या अभ्यासात बचावपटूंना सर्वाधिक धोका, आणि गोलरक्षकांमध्ये लक्षणीय वाढ नाही. गोलरक्षक हातांनी चेंडू अडवतो! एवढी बोलकी तुलना कारखान्यात क्वचित मिळते.

तिरकस

आणि आम्हा खुर्चीवाल्यांची मान? मनगट? यादीत घाला की.

वकिली_बाणा

तुमचे पूर्वज गेलेत यादीत. तारयंत्रावर दिवसभर कळ दाबणाऱ्यांच्या हाताला गोळे यायचे, 'टेलिग्राफिस्ट्स क्रॅम्प'. ब्रिटनने १९०८ साली तो यादीत घातला. दावे इतके वाढले की टपाल खात्याला समिती नेमावी लागली, तिचा अहवाल १९११ चा. आजार हाताचा की मनाचा, यावर तेव्हाही शाई सांडली. तुम्ही माउसच्या हाताची तक्रार केलीत तर तोच वाद नव्याने ऐकाल.

संपादक

विषय छान चालला आहे. राजकीय पक्षांबद्दलचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

नवखा

एक बाळबोध शंका. एवढी मोजणी करायला लाखो माणसं लागणार. मग छोट्या कारखान्यातला नवीन आजार कधीच यादीत येणार नाही का?

डॉ_धुळाक्षर

बाळबोध अजिबात नाही. आजार दुर्मीळ असेल तर चार-पाच रुग्णही पुरतात. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत लुइव्हिलच्या एका प्लास्टिक कारखान्यातल्या तीन कामगारांचे मृत्यू यकृताच्या अँजिओसार्कोमाने झाल्याचं जाहीर झालं. हा कर्करोग इतका विरळा की बहुतेक डॉक्टरांना आयुष्यात एकही दिसत नाही. कारखान्याच्याच डॉक्टरला दिसलं की तिघंही एकाच इमारतीत काम करत होते. कारण विनाइल क्लोराइड, ज्यापासून पीव्हीसी प्लास्टिक बनतं तो वायू. वर्षभरात अमेरिकेने हवेतली मर्यादा पाचशेवरून एक भागावर (दहा लाखांत) आणली.

जपानमध्ये ओसाकाच्या एका छोट्या छापखान्यात तिशी-चाळिशीतल्या तरुणांना पित्तनलिकेचा कर्करोग होत होता. तो सहसा म्हातारपणी होतो. शाईचे रूळ पुसायच्या द्रावणात १,२-डायक्लोरोप्रोपेन होतं, खोलीत हवा खेळती नव्हती. प्रकरण २०१२ साली उजेडात आलं, २०१३ साली भरपाई मंजूर झाली, आणि २०१४ साली ते रसायन आयएआरसीच्या पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोगकारकांत, गेलं. भरपाई आधी, जागतिक शिक्का नंतर.

पण कुणीतरी 'हे सगळे एकाच ठिकाणचे' हे ओळखावं लागतं. ओळखायचं कुणी? आम्ही. आणि आम्ही विचारत नाही. रामाझ्झिनी हा इटालियन वैद्य १७०० साली लिहून गेला की रुग्णाला 'तू काम काय करतोस' हेही विचारा. माझ्या केसपेपरवर आजही त्याला रकाना नाही.

माझीच चूक सांगतो. पस्तिशीचा माणूस, खोकला, वजन उतरलेलं. नखांच्या कडेला पांढरी पूड बसलेली मला दिसली. रंगकाम करत असेल असं मी मनात धरलं. क्षयाचं औषध चालू केलं. सहा महिन्यांनी तो तसाच, उलट जास्त धापा टाकत आला. तेव्हा विचारलं. म्हणाला, स्वयंपाकघराचे ओटे कापतो, कृत्रिम दगडाचे. त्या दगडात सिलिका नव्वद टक्क्यांहून जास्त असू शकते. कोरडा कापला की सगळी पूड छातीत. मला फक्त तोंड उघडून विचारायचं होतं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली. माझ्या रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता.

मोरपंखी

डॉक्टर, हे लिहिलंत, बरं केलंत.

जुनाखोड

मृत्यूच्या दाखल्यावरही 'निवृत्त' लिहितात. निवृत्त कशातून, ते नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर कंपनी बंद, हजेरीपट रद्दीत, आणि माणूस 'निवृत्त'.

अर्धवट_शहाणा

हसत आलो होतो. वाचनखूण साठवली.

छोटा_कारखानदार

आज मास्क बघायला गेलो. तीन प्रकार दाखवले, विकणाऱ्यालाच फरक सांगता येईना. डॉक्टर, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

डॉ_धुळाक्षर

करा. पण आधी कापताना पाणी सोडा आणि धूळ जागीच ओढून घेणारा पंखा लावा. मास्क त्यानंतर.

सांधेजोड

दोन आठवड्यांनी येतोय, माफ करा. सगळं वाचलं. वकीलसाहेब, अपील मुदतीत दाखल झालं. दोन्ही बाजूंनी लढतोय: अनुसूचीबाहेरचा असला तरी कामाशी थेट संबंध आहे असं वेगळं मांडलं, आणि आजार अनुसूचीत घ्यावा असं निवेदन स्वतंत्र दिलं. खोडकाका, फेटलिंगच्या आणखी सहा जणांनी त्यावर सह्या केल्या. त्यातल्या चौघांची बोटं पांढरी पडतात, हे आम्हाला सह्या घेतानाच कळलं. शेजारी उभं राहून बारा-बारा वर्षं काम केलं आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं आपलंच रक्त कमी आहे.

डॉक्टर, रविवारी दादाला घेऊन बसलो आणि कामाचा इतिहास लिहून काढला. साल विचारलं की त्याला सांगता येईना. मग यंत्रावरून विचारलं. "ते निळं, जड, सात इंची, ते आणलं तेव्हा धाकटी बालवाडीत होती." असं करत बावीस वर्षांचा हिशोब लागला. चार ग्राइंडर, दोन हवेवरचे, रोज अंदाजे किती तास. आवाज काढून दाखवत होता एकेकाचा. लिहिलं मी, कारण पेन त्याला नीट धरवत नाही.

फोटोही मिळाले, पहाटे सव्वापाचचे. वहिनीने काढले.

एकच अडलंय. तास लिहिताना दादा म्हणतो पाच लिही, मला वाटतं सहाच्या वर होते. काय लिहू?

गणिती_काकू

तो म्हणतो ते लिहा. आणि त्या सहा जणांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नको.

जुनाखोड

शंभरपानी घ्या. दोनशेपानी शिवणीतून सुटते.